खोडलेला शब्द

स्वयंपाकघर या प्रांताशी आमचा संबंध गेली पन्नासावर वर्षे केवळ भोक्त्याचा होता. तेथे कर्तृत्व गाजविण्याची महत्त्वाकांक्षा आम्ही कधी धरली नाही, आणि घरच्या स्त्रीवर्गाने ती धरू दिलीही नसती. आमच्या हातचा चहा आमच्या कुटुंबाने एकदाच घेतला. त्यानंतर तसा प्रसंग त्यांनी पुन्हा येऊ दिला नाही. असा मनुष्य गेल्या जूनमध्ये नेसरीच्या आपल्या घरी मागल्या सोप्यात चुलीपुढे बसून खिम्याचे टाको करू लागला, याचे कारण आमचा सहा वर्षांचा नातू.

आमची कन्या टेक्ससमध्ये असते. चार वर्षांनी ती मुलाला घेऊन माहेरी आली. कर्नाटकी बेंदूर नुकताच झाला होता. गल्लीतील बैलांच्या शिंगांचा रंग अजून उडाला नव्हता. आमच्या घरी बैल आता उरले नाहीत, शेताची नांगरट भाड्याचा ट्रॅक्टर करतो. तरी मातोश्री दर वर्षी कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणवून तिची पूजा करतात. ती जोडी कोनाड्यात उभी होती. नातवाने घरात पाऊल ठेवल्याबरोबर तिच्याशी सख्य जोडले. अन्नाशी मात्र त्याने वैर धरले. आमटीभात नको, भाकरी नको, पोळीला नुसते बोट लावून हात मागे. काय हवे म्हणून विचारले की एकच शब्द, ‘टाको’. त्यातच दुसऱ्या दिवशी कन्येला पाणी बदलल्यामुळे म्हणा, प्रवासाने म्हणा, ताप भरला. आमच्या कुटुंबाने ‘न पाहिलेला पदार्थ मी करणार नाही’ असे स्पष्ट सांगितले. मातोश्रींनी भाकरी थापून देण्यापुरते साहाय्य कबूल केले. उरलो आम्ही.

कन्येने अंथरुणावर पडल्या पडल्या एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर कृती लिहून दिली. अक्षर तेच, शाळेत असताना आम्ही घोटून घेतलेले. पहिलीच ओळ होती : ‘एक पौंड ग्राउंड बीफ’. त्यातील ‘बीफ’ या शब्दावर एक आडवी रेघ मारलेली होती आणि वर बारीक अक्षरांत ‘मटणाचा खिमा, अर्धा किलोला थोडा कमी’ असे लिहिले होते. रेघ एकच होती. शब्द तिच्या खालून स्वच्छ वाचता येत होता.

व्यवहारदृष्ट्या ही दुरुस्ती अपरिहार्यच म्हणावयाची. 1976 च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येस बंदी झाली, आणि 2015 साली त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन बैल आणि वळूही त्या बंदीखाली आले. नेसरीच्या बाजारात तो जिन्नस शोधावयास कोण जाणार होते? परंतु तो शब्द कायद्याच्या भयाने खोडलेला नव्हता, बापाच्या भयाने खोडलेला होता. आणि मुळात तो सवयीने हातून उतरला, ही गोष्ट आमच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

वाचकांस आमची थोडी ओळख करून देणे येथे भाग आहे. आम्ही महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, आणि प्रसंगाने समाजसुधारणेच्या इतिहासावर व्याख्यानेही देतो. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहाचे पेले ठेवले गेले, वर्तमानपत्रात नावे छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले आणि रानड्यांसारख्या पुरुषाने अखेर प्रायश्चित्त घेतले, ही हकीकत आम्ही दर वर्षी रंगवून सांगतो. एका कपभर चहाने एवढे वादळ, असे म्हणून आम्ही जरा थांबतो, वर्ग हसतो, आम्हीही हसतो. परंतु त्या दिवशी पत्रिकेच्या पाठीवरील ती ओळ आम्ही चारदा वाचली आणि एकदाही हसू आले नाही. कन्येला सरळ विचारावे असे मनात आले. तिला ताप आहे, अशी सबब आम्ही स्वतःलाच सांगितली.

असो. कृतीकडे वळू. मसाल्याची यादी पाहून प्रथम आमचा धीर वाढला : तिखट, जिरे, लसूण, कांदा, मीठ, आणि ओरेगानो नावाचा एक पाला. एवढ्याला तिकडे तयार पुड्या विकत घेतात म्हणे! गडहिंग्लजचा बाजार हाकेच्या अंतरावर असून आणि घरात संकेश्वरी मिरचीची कांदा-लसूण चटणी बरणी भरून असून आम्हाला मसाल्याची काय वाण? (परगावच्या वाचकांसाठी सांगतो की, आमच्याकडे ‘चटणी’ म्हणजे कोरड्या मिरचीचा कुटून ठेवलेला मसाला.) मातोश्रींनी सांगितल्यावरून तिखटपणासाठी संकेश्वरी थोडी आणि रंगासाठी ब्याडगी अधिक घेतली. ओरेगानोच्या जागी चिमूटभर ओवा चुरडून घातला. वास अगदी तोच नव्हे, पण त्याच्या भावकीतला खरा.

मिरची चुरताना एक गोष्ट मनात घोळू लागली. जिला आम्ही कोल्हापूरची म्हणून मिरवतो ती मिरची मूळची मेक्सिकोच्या बाजूची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्याला लागली. मकाही तिकडचाच, टोमॅटोही तिकडचा. उलट जिरे, कांदा आणि लसूण ही आमच्या जुन्या खंडांची पिके स्पॅनिश लोकांनी तिकडे नेली. आणि गाय? कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीपूर्वी त्या खंडात गोवंश नव्हताच. कोर्तेस 1519 साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, त्यापूर्वी तेथील मनुष्य मक्याच्या पोळीत मासे, टर्कीपक्षी किंवा घेवडा गुंडाळून खात असे. म्हणजे ज्या शब्दावर आमच्या कन्येने रेघ मारली तो त्या पदार्थात पाचशे वर्षांमागे आलेला पाहुणाच. या शोधाने आम्हाला काही काळ मोठे समाधान वाटले. इतिहासाचा हा एक उपयोग आहे : जे तोंडाने विचारवत नाही त्याच्याभोवती त्याच्या आधाराने हवा तितका वेळ फिरता येते.

खरी अडचण पोळीची निघाली. मक्याच्या पिठाची भाकरी मातोश्रींनी सुरेख थापली; पण टाको म्हणजे दुमडलेली भाकरी, आणि मक्याची भाकरी दुमडताच काडकन मोडली. दोन, तीन, चार मोडल्या. मातोश्री म्हणाल्या, “भाकरी मोडून खायची असत्या, घडी घालाय ती काय धोतर हाय?” शेवटी पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. चुन्याने दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होते, आणि मक्यातील एक अत्यावश्यक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. युरोपियनांनी मका नेला, चुना मागेच राहिला. त्यामुळे अठराव्या शतकात स्पेन आणि इटलीतील मकाखाऊ गरिबांत पेलाग्राचा रोग पसरला. आम्हीही मका घेतला आणि चुना पानासाठी ठेवला.

तेव्हा मातोश्रींच्या चंचीतील खाण्याचा चुना आला. किलोभर दाण्यांस तीन लिटर पाणी आणि चहाचे दोन लहान चमचे चुना, असे प्रमाण धरले. पाऊण तास उकळून दाणे रात्रभर झाकून ठेवले. सकाळी हाताने चोळताच साली निसटून वर आल्या; चारपाच पाण्यांनी धुतल्यावर दाणे पिवळेधमक आणि गुळगुळीत झाले. ते वाटावे कशावर? मेक्सिकोतील बायका उतरत्या दगडी पाट्यावर दगडी लाटण्याने वाटतात असे पुस्तकात होते. चित्र पाहून मातोश्री म्हणाल्या, “हा तर आपला पाटा-वरवंटा.” त्या ऐंशीच्या घरात आहेत, तरी आमच्या हातून वरवंटा घेऊन त्यांनी चार फेरे मारून दाखविले. मग बाकीचे काम मिक्सरवर झाले, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्या पिठाचा लिंबाएवढा गोळा केळीच्या पानात धरून ताटाने दाबला, तापल्या तव्यावर टाकला, आणि उलटून दुमडला. मोडला नाही. नातू टाळ्या पिटू लागला.

खिम्याचे सांगण्यासारखे थोडेच. कांदा तांबूस होईतो परतला, लसूण घातला, खिमा घातला, उलथन्याने गुठळ्या फोडल्या, पाणी आटल्यावर मसाला, मग एक टोमॅटो, आणि झाकण ठेवून सुमारे पंचवीस मिनिटे. कन्येच्या चिठ्ठीत ‘सुटलेले तेल ओतून टाका’ असे होते. हे वाचून दाखविताच मातोश्रींनी आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की कट ओतून टाकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. एवढे काम आटोपले तेव्हा तिसरा दिवस होता. कन्येचा ताप उतरला होता; ती येऊन सोप्यात भिंतीला टेकून बसली. कोबी चिरला, चक्का फेटला, लिंबे कापली. नातू एका हातात कोनाड्यातला मातीचा बैल घेऊन पानावर बसला. पहिला टाको त्याने चार घासांत संपविला.

मातोश्री कौतुकाने पाहत होत्या. त्यांनी विचारले, “तुमच्या तितं ह्यात काय घालत्यात रं?”

नातू भरल्या तोंडाने म्हणाला, “काऊ.”

“अगं बया! कावळा खात्यात?” मातोश्री हातातले पीठ टाकून हसू लागल्या. आमचे कुटुंब हसले. आम्ही तर सर्वांहून मोठ्याने हसलो. गोष्ट कावळ्यावर निभावून जाईल असे आम्हाला क्षणभर खरेच वाटले. परंतु मुलांस चूक राहिलेली खपत नाही. त्याने मान हलविली, हातातला बैल उंच धरला आणि म्हणाला, “हा!”

तव्यावरची पोळी करपू लागली होती. ती कोणीच उलटली नाही. मग मातोश्रींनी ती उलटली, आणि कन्येकडे न पाहताच विचारले, “तू बी खातीस?”

तीन दिवस आम्ही ज्या प्रश्नाभोवती मिरचीचा आणि मक्याचा इतिहास घेऊन घिरट्या घालत होतो, तो त्या अक्षरशत्रू बाईने तीन शब्दांत विचारला. कन्या म्हणाली, “खाते, आज्जी.” थोड्या वेळाने तिने पुढे जोडले, “नेहमी नाही. पण खाते.”

मातोश्रींनी पदराला हात पुसले. नातवाच्या हातातला बैल हळूच काढून घेतला; त्याच्या पाठीवर खिम्याचे तेल लागले होते, ते ओल्या फडक्याने पुसले आणि आत जाऊन बैल जोडीशेजारी उभा केला. परत येऊन त्या चुलीपुढे बसल्या. “ताप उतरलाय न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग जेव आता. गार हुतंय.” आणि त्यांनी स्वतः तिच्या पानात वाढले. त्या दिवशी त्या मात्र आमच्या पंक्तीस बसल्या नाहीत. पोट जड आहे म्हणाल्या. त्या खरे बोलल्या की काय, हे आम्ही त्यांना विचारले नाही. न विचारण्याचा आमचा सराव एव्हाना चांगला झाला होता.

पुढे महिनाभराने कन्येला बेळगावच्या विमानतळावर पोचवावयास गेलो. वाटेत ती एकाएकी म्हणाली, “बाबा, तुम्ही ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता. मला दिसत होतं.” आम्ही म्हणालो, “ओव्याचे प्रमाण नीट लागत नव्हते.” ती हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. प्राध्यापकी बाण्याचे दुसरे एखादे उत्तर आम्हाला तोवर सुचले नव्हते. अजूनही सुचलेले नाही. यंदा पंचहौदाच्या चहाचे व्याख्यान झाले. जेथे थांबावयाचे तेथे आम्ही सवयीने थांबलो आणि वर्ग हसला. पण आम्ही घाईने पुढल्या मुद्द्यावर गेलो.

चिठ्ठी आमच्या मेजाच्या खणात आहे. मातोश्री अधूनमधून चंचीतला चुना काढून देतात आणि मका भिजत घालावयास सांगतात. चुन्यातल्या मक्याची मऊ पोळी त्यांच्या उरलेल्या दातांना सोयीची पडते. तीत त्या मुगाची उसळ घालून, घडी घालून खातात. नातवाचा दूरध्वनी आला की त्याला विचारतात, “टाकू खाल्लास का?” आत काय होते, ते विचारीत नाहीत.