हळदीचं शहर

आज मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिले. बोली चढत होती, पोती फुटत होती, हमालांच्या अंगाखांद्यावर पिवळी धूळ बसली होती. सांगलीचा जीव कशात आहे, ते इथे उभं राहिलं की कळतं.

१८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या लहानशा गावाला त्यांनी राजधानी केलं. गणपतीचं देऊळ, पेठा, व्यापार त्यामागून आले. याच दरबारी १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं. शेतमालाच्या गावात मराठी नाटक जन्मलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण मन ओढ घेतं ते हरिपूरच्या पेवांकडे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी, की जमिनीखाली खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस खाली उतरायचा. केवढं हे शहाणपण! २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. आता हळद गोदामांत, शीतगृहांत राहते.

२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झालाच. पण ज्या मातीने आणि ज्या हातांनी हे नाव कमावलं, त्यांची आठवण राहावी म्हणून हरिपूरची दोन-चार पेवं तरी नीट जपायला हवीत. हे काम आपल्या पिढीचं आहे.