सुटले तरी वाट तीच

सज्जनहो, चाळीस वर्षे मी कीर्तनात एक दृष्टांत देत आलो : आकाशातले तारे पाहा, एकदा जमले की कोणी कोणाला सोडत नाही. परवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या नातवाने तो दृष्टांत मोडला.

समुद्राला भरती का येते? चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त, पलीकडे कमी. या फरकाने ताण पडतो. तोच ताण तारकागुच्छांनाही सोसावा लागतो. सर्प तारकासमूहात पालोमार ५ नावाचा गुच्छ आहे, सुमारे ७० हजार प्रकाशवर्षे दूर. हजारो तारे, ना दोरी, ना खुंटी, एकमेकांच्या ओढीनेच एकत्र.

हा गुच्छ फिरताना आकाशगंगेच्या दाट तबकडीतून आरपार जातो. तेव्हा ताण एकाएकी वाढतो, पार होताच ओसरतो. एकसारख्या ताणाने कडेचे तारे सावकाश गळतात. चढउताराचा हिसका मात्र त्यांना वेग देऊन बाहेर ढकलतो. गुच्छ दाट असेल तर गाभ्यातले तारे वाचतात. त्यांचे फेरे लहान आणि भराभर, म्हणून धक्का येऊन जाईपर्यंत एका फेऱ्यात मिळालेला रेटा दुसऱ्यात फिटतो. पालोमार ५ मुळातच विरळ, त्याची गळती मोठी. २००१ साली संशोधकांनी त्याच्या दोन बाजूंना सुटलेल्या ताऱ्यांच्या दोन शेपट्या दाखवून दिल्या.

आपण दिवेघाटात हेच पाहतो. गर्दीचा लोंढा आला की विण्याजवळचे टिकतात, कडेचे सुटतात.

माउली, तीन वर्षांपूर्वी माझा आवाज गेला आणि मीही सुटलो. टाळकऱ्यांची हाक आली तरी दार उघडत नसे. म्हणून त्या शेपट्यांचे चित्र पाहून मी नातवाला विचारले, "सुटलेले तारे विझतात का रे?"

"नाही आजोबा. मध्याकडच्या बाजूने सुटलेले गुच्छाच्या पुढे जातात, बाहेरच्या बाजूने सुटलेले मागे राहतात. पण सगळे जवळपास त्याच वाटेने फिरत असतात."

मी बराच वेळ बोललो नाही. गुडघ्यांनी, वयाने तुमच्यापैकीही कोणी दिंडीतून सुटले असेल. त्यांच्यासाठी हे लिहिले. यंदा सामानाच्या गाडीत बसून, दिंडीच्या मागून का होईना, मी निघणार आहे. वाटेत दिसलो तर ओळख द्या.

रामकृष्णहरि.