शुद्धतेचा हट्ट सोडताना

द्रवस्फटिकात बाहेरचं काहीही मिसळायचं नाही, हे मत मी बरीच वर्षं धरून होतो. आता ते बदललं आहे. माझा मूळ आक्षेप मात्र मी मागे घेतलेला नाही, म्हणून हा खुलासा.

व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) प्रकारच्या एलसीडी पडद्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा तीन-चार मायक्रॉनचा थर असतो. विद्युतदाब नसताना त्यातले रेणू काचेला काटकोनात उभे असतात, प्रकाश अडतो आणि पडदा गडद काळा दिसतो. दाब दिला की ते कलतात आणि प्रकाश बाहेर येतो. पण अगदी सरळ उभ्या रेणूने कलायचं कोणत्या बाजूला? शेजारचे रेणू भलत्याच दिशांना गेले तर चित्रावर डाग पडतात.

१९९० च्या दशकात फुजित्सू कंपनीने काचेवर बारीक उंचवटे उभारून यावर उपाय केला. उतारावरचे रेणू आधीच किंचित कललेले, बाकीचे त्यांच्या मागून जातात. एका पिक्सेलमध्ये चार दिशा मिळाल्याने बाजूने पाहिलं तरी चित्र फारसं बिघडेना. काच कापडाने घासायची गरज नव्हती, म्हणजे धूळ आणि स्थिरविद्युतही टळली. द्रवाला हात न लावता भूमितीनेच काम भागतंय, याचं मला फार कौतुक होतं.

२००४ मध्ये फुजित्सूच्याच संशोधकांनी नवी रीत मांडली. द्रवात थोडासा मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडले जाऊ शकणारे सुटे रेणू, मिसळायचा, दाब देऊन रेणू कलवायचे आणि त्याच स्थितीत अतिनील प्रकाश टाकायचा. मोनोमरचा पॉलिमर होऊन काचेवर बसतो आणि कल कायम राहतो. मी नाक मुरडलं. अशुद्धीमुळे पिक्सेलमधला दाब टिकत नाही, आधीच्या चित्राची सावली रेंगाळते. म्हणून आम्ही अशुद्धीतल्या आयनांच्या मागे हात धुऊन लागतो. आणि इथे आपणच दुधात मिठाचा खडा टाकायचा?

मत फिरलं ते उंचवट्यांचा हिशेब मांडल्यावर. उतारावरचे रेणू काळ्या पडद्यातूनही प्रकाश झिरपू देतात. उंचवट्यांची जागा प्रकाशाला मुकते, त्यामुळे मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. करड्या छटेसाठी दाब कमी असतो, तेव्हा कलण्याची लाट उंचवट्यांपासून त्यांच्या मधोमध पोचायला वेळ लागतो. पॉलिमरने मात्र सगळीकडचे रेणू आधीच कललेले असतात, म्हणून ते एकदम हलतात.

२००९ मध्ये शार्प कंपनीने पडद्याच्या आतल्या थरावरच अतिनील प्रकाशाने दिशा कोरली आणि उंचवटे व त्याच कामासाठी इलेक्ट्रोडमध्ये ठेवल्या जाणाऱ्या चिरा हे दोन्ही काढून टाकलं. प्रकाशाचा वापर २० टक्क्यांहून अधिक सुधारल्याचं आणि कॉन्ट्रास्ट ५०००:१ असल्याचं कंपनीने जाहीर केलं. द्रवात काही न मिसळता हे साधलं, हे खरं. पण रेणूंना पहिल्यापासून कल हवा, हे त्यांनीही मानलंच.

वापरात न आलेला मोनोमर पुढे हळूहळू जुळत राहतो आणि कल बदलतो, हा दोष खराच आहे. पण तो मोजता येतो आणि दाब न देता पुन्हा अतिनील प्रकाश दिला की बराच कमी होतो. उंचवट्याने अडवलेला प्रकाश परत मिळवायचा असा मार्ग नाही. म्हणून आता मी मिश्रणाला नाही म्हणत नाही. फक्त उरलेल्या मोनोमरचा आकडा आधी मागतो.