गुलामाच्या झोपडीचे नाणे

जहाजावर नोकरीला असलेल्या मामांनी दिलेले अमेरिकेचे अर्ध्या डॉलरचे नाणे माझ्याकडे आहे. साल १९४६. एका बाजूला गुलामगिरीत जन्मून शिक्षणसंस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला गुलामाची झोपडी. नाण्याचे शिल्पकार आयझॅक हॅथवेही कृष्णवर्णीयच. वजन १२.५ ग्रॅम, चांदी ९० टक्के. पारखी साल, टांकसाळीची खूण आणि झीज पाहतो. चिंचेने घासून चकचकीत केले, तर किंमत उतरते. १९४६ ची नाणी पुष्कळ निघाली, त्यामुळे भाव मोठा नाही. तरी मी ते विकणार नाही. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा वॉशिंग्टन हयात होते. ‘आपली झोपडी लपवू नका, शिका,’ एवढे सांगून मी ते मुलांच्या हाती देतो.