चेपॉकवर पाहिलेला गुडघा

2024च्या सप्टेंबरात चेपॉकवर बांगलादेशविरुद्धची कसोटी बघताना माझी नजर चेंडूपेक्षा ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्यावरच जास्त होती. यष्टिरक्षक दर चेंडूला उकिडवा बसतो, उठतो, बाजूला झेपावतो; आणि हे दिवसभर चालतं. 30 डिसेंबर 2022च्या पहाटे रुरकीजवळच्या अपघातात त्याचा हा गुडघा सांध्यातून निखळला होता. मुंबईत डॉ. दिनशॉ पार्डीवालांनी आतले अस्थिबंध नव्याने बांधले. तोच पंत चेन्नईच्या घामट हवेत बसत-उठत होता. दुसऱ्या डावात त्यानं 128 चेंडूंत 109 धावा केल्या. कसोटीतलं हे सहावं शतक, म्हणजे यष्टिरक्षक धोनीशी बरोबरी. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले, मीही राहिलो; आणि तेवढ्यात मला परळच्या मातीतले आमचे कबड्डीचे चढाईपटू आठवले.

आम्ही खेळायचो तेव्हा गुडघा 'सटकायचा'. पकडीतून सुटताना पाय मातीत रुतलेला आणि अंग मात्र वळलेलं. आतून कट् असा आवाज यायचा, तो शेजारच्यालाही ऐकू जायचा. मग बर्फ, हळदीचा लेप, हाडवैद्य. डॉक्टरकडे गेलंच तर काही आठवडे प्लास्टर. ते निघालं की मांडी वाळून गेलेली असायची. सूज उतरली म्हणून पोरगा पुन्हा मैदानात यायचा आणि पहिल्याच वळणाला गुडघा दगा द्यायचा. आमच्यातला सगळ्यात चपळ चढाईपटू असाच बाविसाव्या वर्षी थांबला. "पुरे झालं, आता नोकरी बघ," असं घरच्यांनी सांगितलं. नेमकं काय तुटलंय, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही. पुढे तो सामन्यांना यायचा, गुणपत्रक लिहायचा. त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

मी मद्रासला आलो तेव्हा इथल्या खेळाडूंचीही तीच गत होती. रस्त्यारस्त्यांवर 'पुत्तूर कट्टू'च्या पाट्या दिसत, आजही दिसतात. लेप, बांबूच्या कांबी, वर घट्ट पट्ट्या. मोडलेलं हाड सांधायची ती जुनी रीत. पण गुडघ्याच्या आतला क्रूसबंध हाडासारखा जुळून येत नाही. तो सांध्यातल्या द्रवात असतो आणि पूर्ण तुटला की टोकं आपोआप सांधत नाहीत. म्हणून मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन तिथे नवा बसवावा लागतो.

माझ्या भाचीचा हाच क्रूसबंध, म्हणजे एसीएल, बास्केटबॉल खेळताना तुटला. मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत जास्त आढळते. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, व्रण बोटभरही नाहीत. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "मामा, आता अजिबात दुखत नाही, खेळू दे ना." फिजिओनं ठाम नकार दिला. दुखणं थांबतं, पण नव्या बंधाला शरीर आपलंसं करत असतं आणि त्या काळात तो उलट कमकुवत असतो. निदान नऊ महिने, आणि त्यानंतरही एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या उडीच्या जवळपास आल्याशिवाय मैदान नाही. त्या नकाराचं मला फार मोल वाटतं. तसा नकार देणारं माणूस आमच्याकडे कुणी नव्हतं.

रवींद्र जडेजाही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थेट कसोटीत उतरला नव्हता. जानेवारी 2023मध्ये याच चेपॉकवर तो सौराष्ट्राकडून तामिळनाडूविरुद्ध रणजी सामना खेळला. दुसऱ्या डावात त्यानं 53 धावांत सात बळी घेतले आणि नंतरच नागपूरच्या कसोटीत पाऊल टाकलं. तिथे पहिल्याच डावात पाच बळी आणि वर 70 धावा.

पंत आणि जडेजामागे मोठी यंत्रणा उभी होती, भाचीमागे आईवडिलांची बचत. परळच्या त्या पोराला आज शस्त्रक्रिया नक्की मिळाली असती. मंडळानं वर्गणी काढली असती, कुणी आमदारानंही हातभार लावला असता. मी अजूनही सुट्टीत कबड्डीचे सामने बघायला जातो आणि गुडघ्यावर पट्टा बांधून चौथ्या-पाचव्या महिन्यातच चढाईला उतरलेली मुलं बघतो. त्यांची शस्त्रक्रिया झालेली असते. फिजिओचे आणि घरी बसायच्या महिन्यांचे पैसे वर्गणीत कुणी धरलेले नसतात.