केसांच्या गावाला जाऊन आलो

तिरुमलात टक्कल असलेल्या माणसाकडं कुणीही वळून बघत नाही. बसस्टँडवर, लाडवाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, जिकडं बघावं तिकडं चंदन फासलेली डोकी. आजोबांचं, मुलाचं, कडेवरच्या नातवाचं आणि कित्येक बायकांचंही. उलट दाट केसांचा एखादा तरुण दिसला, की 'याचं दर्शन अजून व्हायचंय वाटतं' असं मनात येतं. सव्वीस वर्षांच्या आणि कपाळ दरमहा थोडं थोडं वर सरकत चाललेल्या मुलाला अशा गावात काय वाटत असेल, याची कल्पना ज्यांच्या डोक्यावर भरपूर केस आहेत त्यांना यायची नाही.

बेळगावकरांना तिरुपती काही नवं नाही. कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया एक्सप्रेस म्हणजे आपल्याकडची घरचीच गाडी. मिरज, घटप्रभा करत बेळगावला येते आणि पुढं लोंढा, धारवाड, हुबळी, गुंतकल, कडप्पा करत बालाजीच्या पायाशी नेऊन सोडते. मराठीत आपण 'देवाला केस दिले' म्हणतो, कन्नडमध्ये 'मुडी कोट्टेवु'. आमच्या घरात दोन्ही चालतं, कारण आईचं माहेर गोकाकचं आणि ताई दिली हुबळीला. यंदा ताईच्या मुलाचं जावळ होतं. तिच्या सासरचा कुलदेव व्यंकटरमण, म्हणून पहिले केस तिथंच द्यायचे. आणि आपल्या रीतीप्रमाणं जावळाला मांडी हवी मामाची. तेव्हा आई आणि मी बेळगावला चढलो, ताई, भाऊजी आणि तिच्या सासूबाई हुबळीला. दशम्या, शेंगाचटणी, कडक भाकरी असा फराळ सुटला आणि डब्यात दोन भाषा एकाच वेळी सुरू झाल्या.

सगळ्यांच्या डोक्यात भाच्याचे केस होते. माझ्या डोक्यात माझेच. माझ्या मोबाईलमध्ये एका केशरोपण केंद्राचं कोटेशन होतं: अडीच हजार ग्राफ्ट, दर ग्राफ्टला चाळीस रुपये, एकूण एक लाख. बारा हप्ते. त्या महिन्यात पैसे भरले तर पाच हजारांची सूट.

केस जायला लागले ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आधी दोन्ही कानशिलांच्या वरचे कोपरे आत गेले, मग भोवऱ्याजवळची कातडी दिसायला लागली. कांद्याचा रस झाला, माक्याचं तेल झालं, जास्वंद झाली. गल्लीतला न्हावी कात्रीपेक्षा कंगवा जास्त चालवायला लागला, तेव्हा ओळखलं. यात दुखत काहीच नाही, म्हणून घरच्यांना ते दुखणं वाटत नाही. पण लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि आईनं बायोडाटाला माझा चार वर्षांपूर्वीचा फोटो लावला. आईनं असा फोटो निवडला, तेव्हा मला आरशापेक्षाही जास्त लागलं. गडहिंग्लजच्या एका स्थळाला तोच फोटो गेला होता. पसंती कळवून त्यांनी 'अलीकडचा एखादा असेल तर पाठवा' असं म्हटलं, आणि आठ दिवस आमच्या घरात त्यावर कुणी बोललं नाही.

म्हणून मी गुपचूप एका मोठ्या शहरातल्या त्या केंद्रात जाऊन आलो होतो. काचेची दारं, कॉफी, भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. डॉक्टर काही भेटले नाहीत. एका मुलीनं माझ्या कपाळावर पेन्सिलीनं रेघ ओढली आणि आरसा दिला. खोटं कशाला बोलू, त्या रेघेखाली मी फार बरा दिसत होतो.

परत आल्यावर शहाणपण म्हणून बेळगावातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडं गेलो. त्यांनी भिंग लावून माझं डोकं जेवढं बघितलं, तेवढं आजवर कुणी बघितलं नसेल. घरात कुणाकुणाला टक्कल आहे ते विचारलं. मी म्हटलं, बाबांना आहे, मामाला नाही, आणि हे तर आईकडून येतं म्हणतात. त्या हसल्या. दोन्हीकडून येतं, म्हणाल्या. पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो, आणि ज्यांच्या पिंडातच तशी ठेवण असते त्यांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्यानं हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर सहसा त्याचा परिणाम होत नाही. ती मुळं पुढं नेऊन लावली तरी आपला मूळ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 साली मांडलं, आणि सारं केशरोपण त्यावरच उभं आहे.

मग त्यांनी जे समजावलं ते आपल्या भागातल्या कुणालाही पटावं. येळ्ळूरच्या शिवारात भाताची रोपलावण बघितलीस ना? तरवा टाकतात, तो उपटून चिखलात लावतात. डोक्याची मागची बाजू म्हणजे तुझा तरवा. फरक एवढाच, की तो पुन्हा टाकता येत नाही. एकदा उपटलं ते मूळ मागं परत उगवत नाही. आज सव्विसाव्या वर्षी अर्धा तरवा कपाळावर लावून बसलास आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या मागचे तुझे स्वतःचे केस गेले, तर कपाळावर हिरवागार बांध आणि मागं पडीक रान, असं दिसेल. ते भरायला तेव्हा रोपं उरलेली नसतील. म्हणून आधी गळती कुठं थांबते ते बघू.

औषधंही त्यांनी मोकळेपणानं सांगितली. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. त्यानं अंगावर केस वाढतात असं दिसलं म्हणून त्याचं डोक्याला लावायचं द्रावण निघालं, त्याला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. फिनास्टेराइड हे प्रोस्टेटचं. केसांसाठी त्याची एक मिलिग्रॅमची गोळी 1997 मध्ये मान्य झाली. ती डीएचटी कमी करते. काही थोड्या पुरुषांना तिनं कामेच्छेच्या तक्रारी होतात, तेव्हा लग्नाळू मुलानं लाजून न बसता विचारून घ्यावं. दोन्ही औषधं सोडली की मिळवलेले केस पुन्हा जातात. म्हणजे नवस एकदा फेडून संपणारा नव्हे, वर्षानुवर्षं चालवायचा.

आणि शस्त्रक्रिया करायचीच झाली तर कोण करणार ते विचारून घे, असं त्यांनी बजावलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर 2022 मध्ये याबद्दल सूचना काढल्या. हे काम रीतसर शिकलेल्या डॉक्टरांचं आहे, कार्यशाळा करून किंवा व्हिडिओ बघून शिकायचं नव्हे, असं त्यात आहे. तरी 2025 च्या मे महिन्यात कानपूरची बातमी आपण वाचलीच. केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि ते करणारी दंतवैद्य होती, असा आरोप. भूल, जंतुसंसर्ग, औषधाची ॲलर्जी, हे सगळं कपाळावरच्या त्या पेन्सिलीच्या रेघेमागं असतं. रेघ ओढणाऱ्या मुलीनं त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

एवढं कळूनही मी कोटेशन पुसलं नव्हतं. माणूस असाच असतो.

तिरुपतीहून घाटानं वर बस जाते. पायी जाणारे अलिपिरीच्या साडेतीन हजार पायऱ्या चढतात. आमच्याबरोबर लेकरू आणि दोन वयस्कर बायका, म्हणून बसच. वर पोचलो की पहिलं काम कल्याणकट्ट्यावर. केस काढायची ती जागा. पैसे पडत नाहीत. टोकन आणि ब्लेड हातात मिळतं आणि नंबराप्रमाणं न्हाव्यापुढं जाऊन बसायचं. रात्र नाही, दिवस नाही, काम चालूच. मोठ्या दालनात ओळीनं न्हावी बसलेले, समोर मान खाली घातलेली माणसं, ओल्या फरशीचा गारवा, पोरांची रडारड आणि मधूनच 'गोविंदा, गोविंदा'. सगळं मुंडण नको असलेल्या बायका तीन कात्री देतात, म्हणजे बटेला तीनदा कात्री लावून घेतात. पण पाठीवर लांब वेणी रुळणारी एक पोरसवदा मुलगी सगळेच केस द्यायला बसली होती. माझी नजर तिच्यावरून हलेना. मी एकेक केस मोजणारा, आणि ही हसत बसलेली.

भाचा मांडीवर बसला तो पाण्याचा पहिला हात लागेपर्यंत गप्प होता. मग त्यानं जो टाहो फोडला, तो गोकाकपर्यंत गेला असेल. ताईच्या सासूबाई 'आयतो, आयतो, मुगीतो' म्हणत होत्या. म्हणजे झालं, झालं, संपलं. मऊ, पिंगट जावळ माझ्या लुंगीवर पडलं. ते गोळा करताना सासूबाईंनी सहज विचारलं, "तम्मा, नीनू मुडी कोडतीयेनु?" तूही देतोस का?

आई लगेच मधे पडली. "स्थळं बघतोय, आणि हा गोटा करून येणार? शिवाय ह्याचे वडील धडधाकट आहेत." आपल्यात वडील असताना मुलानं डोकं तासलं की बघणाऱ्याच्या मनात नको ते येतं, ते खरं. पण बालाजीला ती अडचण नसते, मिशी ठेवली की झालं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. मी टोकन घेतलं.

न्हाव्यानं केस भिजवले. ओले केस काहीच झाकत नाहीत. त्यानं टाळूवर बोट फिरवलं, मग मागं मानेकडं, आणि तेलुगू वळणाच्या कन्नडमध्ये म्हणाला, "हिंदे चेन्नागिदे." मागं चांगलं आहे. डॉक्टरबाईंनी भिंग लावून सांगितलं तेच. चार-पाच मिनिटांत सगळं संपलं. इतकी वर्षं जपलेले, कोपऱ्यांवर ओढून बसवलेले केस फरशीवरच्या पाण्यात दुसऱ्यांच्या केसांत मिसळून गेले. नंतर हात फिरवून बघितला तर डोक्याचा आकार बरा निघाला. सगळीकडं सारखंच, कुठं आहेत आणि कुठं नाहीत हा प्रश्नच उरला नव्हता.

हे केस पुढं कुठं जातात? देवस्थान लांबीप्रमाणं ते वेगळे करून लिलावात विकतं. सगळ्यांत लांब ते पहिल्या प्रतीचे, अगदी आखूड ते शेवटच्या. लांब केसांचे टोप होऊन परदेशी जातात. 2004 साली इस्रायलच्या धर्मगुरूंनी, हे केस देवाला वाहिलेले म्हणून आपल्या बायकांना चालणार नाहीत असं ठरवलं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ज्यू बायकांनी महागडे टोप जाळले होते. केसांपासून सिस्टीन नावाचं रसायनही काढतात. म्हणजे माझे केस शेवटच्या प्रतीत गेले हे नक्की. आणि एवढ्या ढिगातला एकही केस मूळ म्हणून माझ्या उपयोगाचा नाही. दुसऱ्याचं मूळ आपलं शरीर स्वीकारत नाही, बाहेर टाकतं. तरवा आपल्याच शेतातला लागतो.

देवाला मात्र ते जमलं होतं. ही कथा मला कल्याणकट्ट्याबाहेर भाऊजींनी सांगितली. श्रीनिवास वारुळात असताना गाय येऊन दुधाच्या धारा सोडायची. चिडलेल्या गुराख्यानं तिच्यावर कुऱ्हाड फेकली, ती देवाच्या डोक्याला लागली आणि तेवढ्या जागेवरचे केस गेले. नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येला ते बघवेना. तिनं आपली बट कापून त्या जागी लावली आणि ती तिथं रुजली. भक्त मला केस देतील ते तुझे, असा वर देवानं तिला दिला. सात डोंगरांतल्या एकाला तिचं नाव आहे, नीलाद्री. आणि याच देवानं लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं. भक्त हुंडीत टाकतात ते त्याचं व्याज.

मी ऐकत राहिलो. डोक्यावरच्या टकलाचं देवालाही काही वाटलं असेल का, ते कथेत नाही. त्याच्याकडं बघून कळवळली ती दुसरीच कुणी. पण लग्न, कर्ज आणि केस, तिन्ही त्याच्याही वाट्याला आले होते, एवढं ऐकून मला फार मोकळं वाटलं. मी हसलो, तर भाऊजींना वाटलं माझा विश्वास नाही.

दर्शनाला बरेच तास लागले. गाभाऱ्यासमोर मिळाले क्षण दोन. केस मागायचे विसरलो.

खाली आल्यावर त्या केंद्राचा फोन आला, सूट संपत आली म्हणून. दोन वर्षांनी बघू, असं सांगितलं. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं औषध आल्याबरोबर सुरू केलंय. त्याचा गुण दिसायला काही महिने जातात. गळती थांबली, तरवा पुरेसा आहे असं त्या म्हणाल्या आणि तेव्हाही मला हवंसं वाटलं, तर करूनही घेईन. ज्यांनी करून घेतलं त्यांना मी हसणार नाही. लावलेले केस पहिल्या महिनाभरात गळतात, मग तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात आणि पुरता रंग दिसायला वर्ष लागतं, हे त्यांनाही कुणीतरी आधी सांगायला हवं, एवढंच.

तिरुमला सोडण्याआधी ताईनं भाच्याचा आणि माझा एक फोटो काढला. दोघांचीही डोकी चंदनानं पिवळीधमक, भाच्याच्या डोळ्यांत पाणी, माझी मिशी शाबूत. आईनं तो बराच वेळ बघितला. मग चष्मा वर करून तिनं स्वतःच गडहिंग्लजला पाठवला. खाली लिहिलं, 'हा अलीकडचा.'

गाडी गुंतकलला थांबली असताना उत्तर आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, दर्शन नीट झालं ना, आणि लाडू किती मिळाले?