पालम ते लंडन : विमानाचे तास आणि आपले तास

पालम म्हटलं की दिल्लीकडच्या माणसांना विमानतळच आठवतो. १९८६ साली इंदिरा गांधींचं नाव मिळेपर्यंत दिल्लीचा विमानतळ पालम म्हणूनच ओळखला जायचा. आपलं परभणी जिल्ह्यातलं पालम मात्र गंगाखेडहून लोह्याला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. इथे विमान दिसलंच तर आभाळात! पण मैत्रिणींनो, अशा गावांतल्या लेकीही आता लंडनला नांदतात, आणि त्यांचं बाळंतपण आलं की आईला विमानाचे तास मोजावे लागतात.

लेक फोनवर म्हणते, "आई, नऊ-दहा तासांचा तर प्रवास!" खोटं नाही ते. मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. १९४८ साली एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून ८ जूनच्या रात्री निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. त्या मानाने आता चैनच म्हणायची!

पण तुमचे तास सुरू होतात पालमच्या एस.टी. स्टँडवर. गंगाखेडवरून परभणी, तिथून देवगिरी किंवा नंदिग्राम. परभणी ते मुंबई जेमतेम साडेपाचशे किलोमीटर, त्यालाच सारी रात्र जाते. म्हणजे लंडनच्या वाटेचा तेरावा हिस्सादेखील नाही, आणि वेळ मात्र विमानाइतकाच! नांदेडला विमानतळ आहे, पण तिथली विमानं आजवर कधी सुरू तर कधी बंद. आधी चौकशी करा, मगच भरवसा ठेवा. मुंबईत विमानाच्या तीन तास आधी हजर राहायचं, उतरल्यावर तपासणीची रांग, मग लेकीचं घर. सारं धरलं तर तीस-पस्तीस तास सहज होतात. वाटेत विमान बदलायचं असेल तर आणखी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि वेळही वाढला.

तेव्हा "कळा सुरू झाल्या की फोन कर, लगेच निघते" असं लेकीला सांगू नका. तुम्ही पोचेपर्यंत बाळ दुपट्यात गुंडाळलेलं असेल! डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच पोचलेलं बरं. पाहुण्यांचा व्हिसा एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, तो हिशेब तिकिटाआधीच मांडा.

येताना प्रवास तासाभराने कमी भरतो, बरं का. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो.

आता सामानाचं. साजूक तूप, पेढे, खवा तिकडे नेऊ देत नाहीत; दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. म्हणून लाडू वळून नेऊ नका. डिंक, खारीक कोरडंच न्या. तूप तिकडच्या दुकानांत मिळतं. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. पाय सुजतात, म्हणून तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चाला. लाजू नका, सगळेच चालतात.

आणि पोचल्याचा फोन घरी करताना घड्याळ बघा. लंडन आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. तिकडे रात्रीचे दहा वाजलेले असतील, तेव्हा पालमला अडीच-साडेतीन झालेले असतात.